शिवण आणि बाग: शनिवार-रविवारी होणाऱ्या या चुका टाळा

दोन दिवस मोकळे मिळाले की शनिवारी उशांचे अभ्रे शिवायचे आणि रविवारी चार कुंड्या लावायच्या, असा बेत पुष्कळजण करतात. बेत छानच आहे. पण तो फसतो तेव्हा चूक बहुधा मशीनवर बसण्याआधी किंवा बी हातात घेण्याआधीच झालेली असते. म्हणून माझा पहिला आग्रह शुक्रवार रात्रीचा आहे: कापड भिजवा.

न धुता कापलेलं कापड

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. ४५ सेंटीमीटरचा अभ्रा ४ टक्के आटला, तर जवळजवळ २ सेंटीमीटर गेले. माझा एक अभ्रा असाच गेला. शिवला तेव्हा अगदी मापात होता, पण धुतल्यावर उशी आत सरकवताना चेनच्या कडेची शिवण कोपऱ्यापर्यंत उसवली. शिवण चांगली होती, कापड धुतलेलं नव्हतं. शिवाय नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते हाताला लागतं त्यापेक्षा प्रत्यक्षात मऊ आणि पातळ निघतं. धुवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा, मग माप घ्या. आणि माप घेताना चारही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटर माया, म्हणजे शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, सोडायला विसरू नका.

कापताना कापडाची दिशा बघा. काठाला समांतर ओढलं तर कापड जवळजवळ ताणत नाही, आडवं किंचित ताणतं, तिरकं मात्र भरपूर. कापड वाचवण्यासाठी तुकडा तिरका बसवला की पिशवी महिन्याभरात एका बाजूला लोंबायला लागते. त्यावर नंतर काही इलाज नाही.

कापडाखाली दोऱ्याचा गुंता

नवशिक्यांना सर्वात जास्त रडवणारी अडचण हीच. वरून टाके ठीक दिसतात, कापड उलटलं की खाली दोऱ्याचं घरटं. लोक लगेच बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, काढतात, तिची डबी साफ करतात, पुन्हा भरतात. दोष मात्र बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला, तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरवरच राहतो. त्याला ताणच मिळत नाही, म्हणून तो सैल होऊन खाली गोळा होतो. पाय वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. मग पाय खाली करून दोरा हलकेच ओढून पाहा: हाताला विरोध जाणवला पाहिजे. सुरुवातीचे तीन-चार टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. उलट, बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला टिपक्यांसारखा दिसत असेल, तर वरचा ताण जास्त आहे, तो थोडा कमी करा.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुतीला १४, जीन्ससारख्या जाड कापडाला १६. सुई वाकलेली डोळ्याला दिसत नाही, पण ती टाका सोडते. आणि मागून कापड ओढू नका. कापड पुढे न्यायला मशीनचे दाते आहेत. ओढल्याने सुई वाकून तिच्याखालच्या धातूच्या पट्टीवर आपटते.

इस्त्री शेवटी एकदाच करायची, हाही गैरसमज आहे. एक शिवण झाली की ती दाबा, मगच तिच्यावरून दुसरी घाला.

कापडाची कात्री बागेत नेऊ नका. खताची पोती आणि सुतळी कापायला दुसरी ठेवा.

कुंडीच्या तळाशी खडे

पाणी निचरावं म्हणून तळाशी खड्यांचा थर देण्याची सवय फार जुनी आहे, पण तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच धरून राहतं. म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोक मोकळं असणं महत्त्वाचं. त्यावर शिवणातून उरलेली पातळ चिंधी ठेवा, माती गळत नाही आणि पाणी जातं. वरपर्यंत मातीचं मिश्रणच भरा, आणि ते दाबून ठासू नका.

पान मलूल दिसलं की पाणी घालणं ही सर्वात महागात पडणारी चूक. पाणी कमी पडलं तरी रोप मलूल होतं, आणि जास्त झाल्याने मुळं गुदमरली तरी तसंच दिसतं. बोट ५ सेंटीमीटर आत घाला. ओल लागली तर थांबा. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण एकदा कडक वाळलं की पाणी कडेनेच वाहून जातं, वरून घालून भागत नाही. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा.

बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावं, त्याहून खोल नाही. मुळा, गाजर यांची रोपं उचलून लावू नका, मुळं वाकडी होतात. टोमॅटोचं उलट आहे: देठ थोडा मातीत गेला तर त्यालाही मुळं फुटतात.

शिवलेली कुंडी

दोन्ही छंद जुळवायचे असतील तर गोणपाटाची पिशवी शिवून तिच्यात रोप लावा. सुती दोऱ्याने मात्र शिवू नका. ओल्या मातीत तो कुजतो आणि भरलेल्या पिशवीचा तळ उघडतो. पॉलिएस्टरचा दोरा घ्या, तळाला दुहेरी शिवण घाला. २५ सेंटीमीटर व्यासाच्या पिशवीला घेर जवळजवळ ७९ सेंटीमीटर लागतो, त्यात दोन्ही कडांची माया मिळवून ८२ कापा. अशी पिशवी कुंडीपेक्षा लवकर वाळते, तेव्हा बोटाची परीक्षा रोज करा.

त्यात धणे पेरणार असाल तर आधी लाटण्याने हलके दाबून त्यांचे दोन भाग करा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. अंकुर दिसायला दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर माती उकरून पाहू नका, कोवळं मूळ तुटतं.