रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत डॉक कॉमेंट सुधारताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी कोथरूडला एका मित्राच्या गच्चीवर आम्ही चार-पाच जण लॅपटॉप घेऊन बसतो. ओपन सोर्समध्ये हात घालायचाय म्हणणाऱ्याला मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडमधल्या, डॉक कॉमेंट्स उघडून देतो. कोडमध्येच लिहिलेल्या या टिपांवरून माहितीची पानं तयार होतात. मग हमखास प्रश्न येतो, "दादा, म्हणजे इंग्रजीच नीट करायचं ना फक्त?"

इंग्रजी बऱ्याचदा नीटच असतं हो. अडतं दुसरीकडे.

मेथडचं, म्हणजे फंक्शनचं, नावच पुन्हा वाक्यात लिहून ठेवणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, 'लेन' या मेथडवर "स्ट्रिंगची लांबी देते" एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या पदरात काय पडलं? लांबी कशात मोजली, ते सांगा. 'पुणे' हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात दोन. 'चार्स', म्हणजे युनिकोडची सुटी चिन्हं, मोजली तर चार: प, उकार, ण आणि मात्रा. 'लेन' मात्र १२ सांगतं, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. माझ्या एका जुन्या फॉर्ममध्ये नावाला २० ची मर्यादा होती आणि तपासणी मी 'लेन'वर लावली होती. 'ज्ञानेश्वर' काही केल्या बसेना. बसणार कसं, ते भरतं ३० बाइट! लायब्ररीतली आजची कॉमेंट पहिल्याच वाक्यात सांगते की हे माप बाइटमधलं आहे. मी ती वाचली नव्हती, हा भाग वेगळा.

दुसरी चूक म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर काय होतं, तेवढंच लिहिणं. वाचणारा पानावर येतो तो बहुधा काहीतरी बिनसल्यावर. 'बायनरी सर्च' या शोध घेणाऱ्या मेथडला क्रमाने न लावलेली यादी दिली तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. यादीत असलेला आकडाही 'नाही' म्हणून परत येऊ शकतो. एकच किंमत अनेकदा असेल तर त्यातली कुठलीही सापडू शकते. हे कॉमेंटमध्ये हवंच. कोड पॅनिक कधी होतो (म्हणजे चालता चालता मध्येच थांबतो), एरर कधी परत येते आणि अनसेफ फंक्शन (ज्याची सुरक्षितता कंपायलर तपासू शकत नाही) वापरताना काय सांभाळायचं, यासाठी 'पॅनिक्स', 'एरर्स' आणि 'सेफ्टी' असे ठरलेले मथळे आहेत. ते वापरा, स्वतःचे काढत बसू नका.

आणि पत्ता सांगताना आपण पेठेत जे करतो ते इथे नको. "पासोड्या विठोबाच्या मागच्या बोळात" हे ज्याला विठोबा माहीत आहे त्यालाच कळतं. एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दाने सांगितला की तेच होतं.

आता उदाहरणं. इथे नवखे सर्वात जास्त वेळ घालवतात. कॉमेंटमधला कोडचा तुकडा रस्ट खरोखर कंपाइल करून चालवतो. यालाच डॉकटेस्ट म्हणतात. तुम्ही स्पष्टीकरणासाठी छोटी आकृती काढली, ती चार स्पेस आत सरकवली, की मार्कडाउन, म्हणजे कॉमेंट ज्यात लिहितात ती मांडणीची पद्धत, तिला कोड समजतं आणि टेस्ट लाल, म्हणजे नापास. उपाय सोपा: तिला तीन बॅकटिकच्या (`) चौकटीत टाका आणि वर 'टेक्स्ट' लिहा. उदाहरणात प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर (एरर आली तर ती तशीच परत पाठवणारा) वापरलाय आणि टाइपची तक्रार येतेय? शेवटी रिझल्ट, म्हणजे उत्तर किंवा एरर धरणारा टाइप, परत करणारी ओळ घाला आणि तिच्या सुरुवातीला # व स्पेस ठेवा. ती कंपाइल होते, पण पानावर दिसत नाही. टेस्ट मोडली की 'इग्नोर' लावून, म्हणजे ती वगळून, मोकळं होणारे मी पाहिलेत. नेटवर्क लागतं म्हणून चालवता येत नसेल तर 'नो रन' लावा, निदान कंपाइल तरी होईल.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. जेनेरिक टाइप, उदाहरणार्थ Vec<T>, बॅकटिकशिवाय लिहिला तर कोनी कंसातलं अक्षर एचटीएमएल टॅग समजलं जातं आणि पानावरून गायब होतं. /// खालच्या आयटमसाठी, //! ज्याच्या आत आहात त्या मॉड्यूलसाठी. पहिला परिच्छेद यादीत आणि सर्चमध्ये सारांश म्हणून दिसतो, तेव्हा त्यात पाल्हाळ नको. पायथॉनचं पेप २५७ हे अशा टिपा लिहिण्याचं नियमपत्रक पहिलं वाक्य आज्ञार्थी लिहायला सांगतं, रस्टमध्ये मात्र 'रिटर्न्स' अशी सुरुवात करतात. पायथॉनवरून आलेले इथे चुकतात. पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल पाठवताना, मर्ज कमिट (दोन शाखा जोडणारी नोंद) नको, रीबेस करा, म्हणजे आपले बदल ताज्या कोडवर पुन्हा रचा.

एक चूक मात्र माझी स्वतःची. व्हेक, म्हणजे रस्टमधली वाढत जाणारी यादी, भरला की त्याची क्षमता दुप्पट होते, असं मी सोर्स वाचून मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं. रिव्ह्यूअरने तेवढंच वाक्य अडवलं. व्हेक कसा वाढेल याची हमी लायब्ररी मुद्दामच देत नाही, तसं त्याच पानावर खाली लिहिलेलंही आहे. आज कोड जे करतो ते कॉमेंटमध्ये गेलं की लोक त्यावर विसंबतात, आणि उद्या ते बदलायची सोय राहत नाही. नवी हमी द्यायचीच असेल तर लायब्ररीच्या एपीआय टीमची संमती लागते. मी ती ओळ काढली, उरलेली कॉमेंट इतर छोट्या बदलांच्या गठ्ठ्यातून लायब्ररीत गेली.