सातपुड्याच्या जंगलाचा इतिहास मांडणारे फिरते प्रदर्शन कसे उभारावे

विषय प्रथम एका तालुक्यापुरता आवळून घ्यावा, कारण जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्याभोवतीच्या तडवी आणि पावरा या आदिवासी समाजांच्या वस्त्यांचा जंगलाशी आलेला संबंध नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी किंवा अक्कलकुव्यातल्या पाड्यांपेक्षा वेगळा आहे आणि सगळे खानदेश प्रदर्शनाच्या दहा पटांवर, म्हणजे कापडी फलकांवर, मावत नाही. छपाई सुती कापडावर करून बांबूच्या चौकटी वापराव्यात. फ्लेक्स स्वस्त पडतो हे खरे, पण तो उन्हात चकाकतो आणि वारंवार घडी घातल्याने तडकतो.

खरे कष्ट मजकुराचे आहेत आणि मला सर्वांत जास्त झुंजावे लागले ते याच टप्प्यावर. १८८० चे खानदेशचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, आणि वनखात्याचे जुने कागद उपयोगाचे आहेत. मात्र ते कारभाऱ्यांच्या नजरेने लिहिलेले आहेत. १८७८ च्या वनकायद्यानुसार राखीव जंगलात परवानगी नसलेले सारे बंद झाले, तर संरक्षित जंगलात मनाई नसलेले चालू राहिले. गुरे कुठवर चारायची आणि सरपण कुठून आणायचे हे या फरकावर ठरत असे. त्यामुळे ‘जंगल राखीव झाले’ एवढेच लिहिणारा पट अर्धाच इतिहास सांगतो. कोणत्या नाल्यापलीकडची चराई थांबली आणि मोहाचे कोणते झाड कोणत्या घराचे मानले जाई, हे पाड्यावरच्या जुन्या माणसांकडूनच कळते.

‘आधी छापा, मग लोकांच्या प्रतिक्रिया घ्या’ हा सल्ला मुळीच मानू नये. कच्चा मजकूर साध्या कागदावर काढून पाड्यावर न्यावा आणि तिथल्याच कुणाकडून तो पावरीत किंवा भिलीत मोठ्याने वाचून घ्यावा. ‘बरोबर आहे का?’ असे विचारले, तर पाहुण्याचा मान राखण्यासाठी सगळे होकार देतात. म्हणून ‘यात काय राहिले?’ असे विचारून शांत बसावे. कागद आणि आठवण यांचा मेळ बसला नाही, तर दोन्ही शेजारी शेजारी छापून कोणते म्हणणे कुणाचे हे स्पष्ट लिहावे. मधला सोयीचा मार्ग काढून तिसरीच हकीकत रचणे हा सांगणाऱ्यांवर अन्याय आहे.

वनहक्क कायद्याखाली कसत्या जंगलजमिनीवर हक्क मागताना वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि पटावर छापलेले वर्ष त्या दाव्याला बाधू शकते. म्हणून कुणाचे नाव, शेताची जागा आणि कसण्याचे वर्ष संबंधितांना पूर्ण कल्पना देऊन, त्यांची संमती मिळाल्याखेरीज पटावर आणू नये. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन दाव्यात पुरावा म्हणून चालते, त्यामुळे नोंदवलेल्या आठवणींची प्रत गावाच्या वनहक्क समितीला द्यावी. अभ्यासकाच्या कपाटापेक्षा तिची गरज तिथे अधिक आहे.

वस्तू त्याच गावातून पावती देऊन उसन्या घ्याव्यात. वन्यप्राण्यांची शिंगे, कातडी किंवा नखे कुणी प्रेमाने देऊ केली, तरी घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येऊ शकतात.

दौरा होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजारांच्या, म्हणजे होळीपूर्वी भरणाऱ्या आदिवासी बाजारांच्या, दिवसांत आखावा. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली अनेक कुटुंबे तेव्हा गावी परततात, तर हिवाळ्यातल्या सुट्ट्यांत गेल्यास ज्यांचा हा इतिहास आहे, त्यांतलेच बरेच जण भेटत नाहीत. मोह गळू लागला की सकाळ वेचणीत जाते, म्हणून प्रदर्शन दुपारनंतरच उघडावे.