प्रीतिभोजनाची पंगत: आधी वाटा काढा, मग पातेलं चढवा

तंबूच्या दाराशी भर उन्हात तिघे अनोळखी येऊन उभे राहिले, तेव्हा अब्राहामाने त्यांना तीन गोष्टी देऊ केल्या: पाय धुवायला पाणी, झाडाखाली विसावा आणि भाकर. बायबलमधल्या उत्पत्तीच्या १८व्या अध्यायातला हा क्रम कोणत्याही ख्रिस्ती मंडळीच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून घ्यायच्या जेवणाला, आजही लागू पडतो. पाणी, सावली, अन्न या तिन्ही गोष्टी जमीन देते, आणि जमीन देवाची आहे. आपण तिच्यावर उपरे, पाहुणे आहोत, असं लेवीय २५:२३ स्पष्ट सांगतं. म्हणजे आपण दोनशे जणांना जेवायला बोलावतो तेव्हा खरा यजमान वेगळाच असतो. जेवण झाल्यावर त्याचं अंगण थर्माकोलच्या द्रोणांनी आणि सांडलेल्या रश्शाने भरून टाकून घरी जाणं शोभत नाही.

पुढचं सगळं कापणीच्या सणाला किंवा चर्चच्या वर्धापनदिनाला होणाऱ्या दोनशे पानांच्या पंगतीचा हिशेब धरून लिहिलं आहे. धर्मग्रामाचा (पॅरिशचा) सण असो की तालुक्याच्या गावातली लहान मंडळी, माणसं कमी-जास्त असतील तशी मापं बदला.

महिनाभर आधी

पहिलं काम पालापाचोळ्याचं. आवार झाडून झालं की पानांचा ढीग पेटवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. सणाच्या एक महिना आधीपासून ती बंद करा आणि कोरडा पाला गोण्यांत भरून छपराखाली ठेवा. दोनशे माणसांच्या पंगतीमागे पाच ते सहा गोण्या लागतात. हा पाला हाताशी नसेल तर जेवणानंतर खरकट्याचं खत करता येत नाही, आणि ऐन वेळी तो कुठे मिळतही नाही.

दुसरं काम माणसं मोजायचं. दोन रविवार आधी उपासनेत जाहीर करा आणि घरटी चिठ्ठी घ्या: मोठी किती, मुलं किती. मुलांचं अर्धं पान धरा. त्यावर दहा टक्के वाढवा, त्याहून जास्त नको. ‘कमी पडायला नको’ या धास्तीने आचाऱ्याला अंदाजे आकडा सांगितला जातो, आचारी आपल्या अंदाजाने तो आणखी फुगवतो, आणि संध्याकाळी अर्धी डेग भात उरतो. वाया जाणाऱ्या अन्नाचं सर्वांत मोठं कारण हेच. वाढताना कितीही काळजी घेतली तरी हा घोळ तिथे निस्तरत नाही.

तिसरं, आणि हे विसरलं जातं: कोपरा. लेवीय १९:९ मध्ये शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या, असं सांगितलं आहे. तो वाटा कापणीच्या आधीच सोडायचा असतो. पोटभर जेवून उरलेलं नेऊन देणं वेगळं. म्हणून यादी करतानाच वीस पानं बाजूला धरा आणि त्यांच्यापुढे नावं लिहा: आवार झाडणारे, मांडववाला आणि त्याची पोरं, आचाऱ्याचे मदतनीस, रस्त्यापलीकडच्या वस्तीतली घरं. त्यांना निरोप द्या आणि पंगतीत बसवा. बायबलमधल्या गोष्टीत शेतमालक बवाजाने सरवा वेचायला आलेल्या उपऱ्या रूथला जेवणाच्या वेळी कापणी करणाऱ्यांच्या शेजारीच बसवलं होतं. मागच्या दाराशी उभं राहून कागदात भात घेणं म्हणजे पाहुणचार नव्हे.

अर्पणाच्या वस्तूंबद्दलही याच वेळी सांगून ठेवा. धान्य, भाजी, फळं, अंडी टोपलीत, कापडी पिशवीत किंवा ताटात आणायची. अर्पणाच्या वस्तूंचा नंतर लिलाव होतो; त्यात वस्तू घेणाऱ्याने ती त्याच टोपलीतून न्यायची आणि टोपली परत करायची. म्हणजे वेदीपुढे चकचकीत प्लास्टिकच्या कागदातली फळं ठेवायची वेळ येत नाही.

पाणी

दोनशे माणसं सकाळच्या उपासनेपासून दुपारपर्यंत थांबणार असतील तर पिण्यासाठी माणशी एक लिटर धरा, म्हणजे २०० लिटर. माठ, पिंपं आणि स्टीलचे पेले पुरेसे आहेत. पाण्याच्या छोट्या बाटल्या आणू नका. निम्म्या बाटल्या अर्ध्या भरलेल्या तशाच टाकल्या जातात.

पाणी सर्वांत जास्त वाया जातं ते हात धुताना. साध्या नळातून मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी येतं, माणूस अर्धा मिनिट तरी नळ उघडा ठेवतो, आणि दोनशे माणसांत सहा-सातशे लिटर वाहून जातं. यावर उपाय जुनाच आहे. तरुण संघातली चार मुलं तांब्या घेऊन उभी करा, त्यांनी प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायचं. माणशी अर्धा लिटर पुरतं, म्हणजे दोनशेजणांना शंभर लिटर. २ राजे ३:११ मध्ये अलीशा या संदेष्ट्याची ओळख त्याच्या गुरूच्या, एलीयाच्या हातावर पाणी घालणारा अशीच करून दिली आहे. आजी-आजोबांच्या हातावर नातवाच्या वयाच्या मुलाने पाणी घातलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते नळापाशी दिसत नाही.

हाताखाली मोठं घमेलं किंवा परात ठेवा आणि भरलं की ते पाणी केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात ओता. अंगाचा साधा साबण असेल तर झाडाला त्रास होत नाही. भांड्यांच्या सोड्याचं पाणी मात्र एकाच झाडाला घालू नका. त्यातला क्षार जमिनीत साठतो आणि पानांच्या कडा करपू लागतात.

वसईत वाड्यांमधल्या बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या लहान तळ्यांवर, एकेकाळी माणसं, गुरं आणि भाजीचे मळे सगळे तगायचे. ती बुजत गेली तसं गोडं पाणी मिळेनासं झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत हाच मुद्दा लावून धरला होता. तुमच्या आवारात विहीर किंवा बावखल असेल तर सणाच्या दिवशी तिच्या काठावर भांडी घासू नका. घासायची जागा निदान पन्नास फूट लांब ठेवा.

सावली

मांडव शक्यतो झाडांच्या सावलीत, पण झाडाला न बांधता घाला. खोडात खिळे ठोकू नका. खिळ्याच्या जखमेतून बुरशी शिरते आणि खोड आतून कुजतं. तारेने बांधलेला दोर सणानंतर कोणी सोडत नाही, खोड वाढतं, तार सालीत रुतते आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांपर्यंत पोचत नाही. दिव्यांच्या माळा लावायच्याच असतील तर सुतळीने बांधा आणि सोडायचं काम कोणाचं हे आधीच ठरवा.

आवारात पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर प्रत्येक मोठ्या झाडाभोवती निदान चार फूट बाय चार फूट माती उघडी हवी. खोडाला घासून सिमेंट आलं असेल तर ते फोडून काढणं हेच सणाच्या तयारीतलं सर्वांत उपयोगी काम ठरेल.

भाकर

दोनशे पानांसाठी तांदूळ माणशी ८० ग्रॅम, म्हणजे १६ किलो. तूरडाळ ३० ग्रॅम, म्हणजे ६ किलो. भाजी निवडण्याआधीची १२० ग्रॅम, म्हणजे २४ किलो. मटण असेल तर हाडांसकट १५० ग्रॅम, म्हणजे ३० किलो. तांदळाचे दोन भाग करा. १२ किलो आधी शिजवा. उरलेले ४ किलो धुऊन, निथळून ठेवा आणि शेजारी आधणाचं पातेलं झाकून उकळत ठेवा. पहिली पंगत उठली की किती माणसं राहिली ते मोजा आणि लागेल तेवढाच टाका. वीस-पंचवीस मिनिटांत भात तयार होतो. शिजवायची गरज पडली नाही तर ते तांदूळ पसरून वाळवा आणि एक-दोन दिवसांत घरोघरी वाटून संपवा. शिजलेल्या भाताचं तसं होत नाही.

वाढप्यांना एकच सूचना: थोडं वाढा, पुन्हा या. मोठं ओगराळं काढून लहान पळी द्या. मुलांच्या पानात मोठ्यांइतका भात पडला की तो हमखास खरकट्यात जातो.

पानं कोणती घ्यायची हे पाण्यावर ठरवा. नगर, बीडसारख्या पाणीटंचाईच्या भागात पळसाच्या टाचलेल्या पत्रावळी आणि द्रोण बरे. वाडी असलेल्यांनी केळीची पानं घ्यावीत. यंत्रावर दाबलेल्या चकचकीत पत्रावळी घेताना एक कोपरा भिजवून फाडून पाहा. आत पातळ पापुद्रा ताणला गेला तर ते प्लास्टिक आहे आणि ते कधीच कुजणार नाही. कागदी पेल्यांचंही तेच. थर्माकोलची ताटं-वाट्या आणि एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटं यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती बाजारात मिळतात. मिळतात म्हणून घेऊ नका.

पाणी असेल तर स्टीलची ताटंच घ्या. धुण्यासाठी ४० लिटरची तीन घंगाळं ओळीने मांडा. ताट आधी कोरडंच निपटून घ्या, मग राख किंवा साबणाने घासून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या घंगाळात बुडवा. पन्नास ताटं झाली की फक्त पहिलं घंगाळ रिकामं करा. दुसऱ्यातलं पाणी पहिल्यात, तिसऱ्यातलं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी तिसऱ्यात. दोनशे ताटं २४० लिटरमध्ये निघतात. तिन्ही घंगाळं प्रत्येक वेळी बदलली तर बरोबर दुप्पट पाणी लागतं.

उरलेलं आणि उष्टं

पाच भाकरींच्या गोष्टीत सगळे तृप्त झाल्यावर येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही फुकट जाऊ नये म्हणून. इथे एक भेद कटाक्षाने पाळा. पातेल्यात उरलेलं, हात न लागलेलं अन्न माणसांसाठी. पानातलं उष्टं मातीसाठी.

उरलेलं अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत खाणाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. जास्त वेळ ठेवायचं तर वाफ येईल इतकं गरम राखा. भाताची डेग रात्रभर झाकून ठेवून सकाळी वाटणं धोक्याचं आहे. मोठ्या डेगेत भात तासन्‌तास कोमट राहतो, त्यात जंतू वाढतात आणि ते जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. उशीर झालेला भात कोणालाही देऊ नका, गरिबाला तर नाहीच.

खरकट्यासाठी तीन टोपल्या आणि त्यांच्यापाशी एक जबाबदार बाई किंवा बुवा लागतो. नुसती पाटी लावून काम होत नाही. एका टोपलीत पत्रावळी, दुसरीत अन्न, तिसरीत हाडं. शिजलेली हाडं कुत्र्यांना घालू नका, कोंबडीची तर मुळीच नको. ती चिरफाळतात आणि घशात अडकतात. विहिरीपासून लांब तीन फूट खड्डा खणून पुरा आणि वर दोन फूट माती दाबा. उथळ पुरली तर रात्रीत उकरली जातात.

खताचा ढीग त्याच संध्याकाळी लावा. अर्ध्या इंचाची जाळी अकरा-बारा फूट घेऊन तिचा साडेतीन फूट उंच गोल उभा करा. आतला व्यास साडेतीन फुटांच्या आसपास येतो. याहून लहान ढीग तापत नाही. तळाला सहा इंच काटक्या, त्यावर सहा इंच कोरडा पाला, मग दोन-तीन इंच खरकटं, वर शेणकाल्याचा हबका, पुन्हा पाला. पत्रावळी फाडून पाल्याच्या थरात घाला, अख्ख्या घातल्या तर त्यांचे पापुद्रे होऊन हवा अडते. रस्सा थेट ओतू नका. चाळणीने गाळून लाकडाच्या भुशात जिरवा आणि मग घाला. सर्वांत वर पाला अर्धा फूट तरी हवा, म्हणजे माशा बसत नाहीत.

मूठभर मिश्रण दाबून पाहा. एक-दोन थेंब सुटले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मधोमध खुपसा, पाच मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग चालू झाला. गार असेल तर तो कोरडा आहे किंवा लहान आहे. नाकाला झोंबणारा वास म्हणजे खरकटं जास्त. सडक्या अंड्याचा वास म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी. उपसून पाला मिसळा. मुंग्या लागल्या तर पाणी कमी पडतंय.

दहा दिवसांनी एकदा आणि पुढे पंधरवड्याने पलटा. शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या) मुलांना पहिल्या पलटणीला बोलवा. ढिगातून वाफ निघताना त्यांनी पाहिली पाहिजे.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा निर्मितीचा काळ अनेक मंडळ्या पाळतात. १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क (ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू) दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठीही स्वीकारला. पंगत याच दिवसांत असेल तर पाऊस धरून चाला: ढिगावर ताडपत्री तिरकी बांधा, तळाच्या काटक्या एक फूट करा आणि पाला निदान दोन गोण्या जास्त ठेवा.

अडीच-तीन महिन्यांत खत काळं, भुसभुशीत होतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. ते चाळा. त्यातलाही कोपरा आधी काढा: एक-दोन पाट्या ज्यांना पंगतीत बोलावलं होतं त्यांच्या कुंड्यांना आणि परसाला, मग बाकीचं आवारातल्या झाडांच्या आळ्यांत, खोडापासून एक हात लांब. चाळणीवर राहिलेल्या काटक्या आणि जाड देठ गोणीत भरून ठेवा. पुढच्या ढिगाचा तळ त्यांचाच.