चेहऱ्याची घडण आरशासमोर कशी शिकावी

डेंटल हायजिनच्या अभ्यासात एम्ब्रियॉलॉजीचा, म्हणजे गर्भाच्या घडणीचा, धडा आला की मुलं आर्चचे (गर्भाच्या चेहरा-मानेच्या जागी एकाखाली एक येणाऱ्या कमानींचे) तक्ते घोकायला बसतात. तक्ता परीक्षेपुरता ठीक आहे, पण पेशंटसमोर तो आठवत नाही. त्यापेक्षा हात धुवा, आरसा आणि टॉर्च घ्या आणि स्वतःचंच तोंड तपासा. गर्भात चेहऱ्याचे तुकडे जुळले, त्या जोडणीच्या खुणा तिथे आजही आहेत.

आधी वहीत एक गोल काढा. मधलं भोक म्हणजे स्टोमोडियम, चौथ्या आठवड्यातलं गर्भाचं तोंड. वर एक फ्रंटोनेझल (कपाळ-नाकाचा), दोन बाजूंना दोन मॅक्सिलरी (वरच्या जबड्याचे), खाली दोन मँडिब्युलर (खालच्या जबड्याचे) असे पाच उंचवटे त्याच्याभोवती काढा. आता नाकाखालच्या पन्हळीवर बोट ठेवा. ओठाचा हा मधला भाग मीडियल नेझल प्रोसेसचा (फ्रंटोनेझलमधून नाकाच्या आतल्या बाजूला वाढणाऱ्या उंचवट्यांचा), कडेचा मॅक्सिलरीचा. सहाव्या-सातव्या आठवड्यात ते जुळतात. एखाद्या बाजूला जुळले नाहीत तर ओठ दुभंगतो. म्हणून फट सहसा मध्ये नसते, बाजूला असते.

पुढची पायरी टाळूची. इथे घाई नको. वरच्या पुढच्या दातांमागे जिभेचं टोक लावा, बारीक गाठ लागेल. तो इन्सिसिव्ह पॅपिला. त्याच्या पुढचा तुकडा, चार इन्सायझरसकट (पुढचे पटाशीचे दात), प्रायमरी पॅलेटचा म्हणजे आधी बनणाऱ्या टाळूचा, मागचा नंतर बनणाऱ्या सेकंडरीचा. सेकंडरीचे दोन शेल्फ (फळीसारखे पडदे) आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खाली सरकते, शेल्फ आडवे होतात आणि पुढून मागे जुळत जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत काम संपतं. सर्वांत शेवटी पडजीभ जुळते, म्हणून काही जणांची फक्त पडजीभच दुभागलेली दिसते. प्रायमरी पॅलेटची फट बहुधा लॅटरल इन्सायझर (बाजूचा पटाशीचा दात) आणि कॅनाइनच्या (सुळ्याच्या) मधून जाते. लॅटरल नसणं किंवा वाकडा येणं हे त्यामुळेच. अशा तोंडात प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) कुठे साचणार, हे तिथेच कळतं.

जीभ बाहेर काढा. मागची व्ही आकाराची खाच आरशात दिसली तर नशीब, नाहीतर चित्रात बघा. खाचेच्या टोकाशी फोरामेन सीकम नावाचा छोटा खळगा. थायरॉइडची सुरुवात तिथून. पुढचा दोन-तृतीयांश भाग पहिल्या आर्चचा, स्पर्श लिंग्वल नर्व्हकडून (जिभेच्या नसेकडून), चव मात्र दुसऱ्या आर्चच्या कॉर्डा टिंपनी या नसेकडून. मागचा भाग मुख्यतः तिसऱ्या आर्चचा, ग्लॉसोफॅरिंजियल नर्व्हचा. लाळ ओढणारी सक्शनची नळी मागे गेली की उबळ येते ती हिच्यामुळे.

दातांचं थोडक्यात: सहाव्या-सातव्या आठवड्यात डेंटल लॅमिना (हिरडीच्या जागी दात उगवायची पट्टी), मग बड, कॅप, बेल, म्हणजे कळी, टोपी, घंटा अशा आकारांचे टप्पे. इनॅमल (दाताचं कठीण बाहेरचं कवच) एक्टोडर्मचं, म्हणजे गर्भाच्या बाहेरच्या थराचं; डेंटिन (त्याखालचा थर), पल्प (आतला मऊ गाभा) आणि सिमेंटम (मुळावरचा थर) न्यूरल क्रेस्टचं, म्हणजे मज्जासंस्थेच्या कडेहून आलेल्या पेशींचं. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात, म्हणून गेलेलं इनॅमल पुन्हा तयार होत नाही.

आता आठवडे नीट मोजायला शिका. पुस्तकातले आठवडे गर्भधारणेपासूनचे, दवाखान्याच्या फाइलमधले शेवटच्या पाळीपासूनचे. फाइलशी ताळा करताना पुस्तकातल्या आकड्यात दोन आठवडे मिळवा. ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं सासू सुनेला ऐकवते तेव्हा हाच हिशेब कामी येतो. ग्रहण पाचव्या महिन्यातलं असेल, तर ओठ जुळायची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. दोघींना समोर बसवा आणि कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवा.