कमी-कार्बन लेबलसाठी प्लँटवरून डेटा गोळा करताय? या चुका टाळा

बांधकामाच्या मालावर कमी-कार्बनचं सरकारी लेबल लावायचं तर त्यामागे आकडे लागतात, आणि ते कुणीतरी सिमेंटच्या धुळीत उभं राहून आणावे लागतात. गोव्यात हे काम बहुधा नुकत्याच पास झालेल्या सिव्हिलच्या पोरांच्या गळ्यात पडतं. सकाळी वेर्णा, दुपारी कुंडई, संध्याकाळी एक्सेल भरून पाठवलं की मोकळे. एका दिवसात दोन प्लँट उरकणारा माणूस डेटा आणत नाही, मॅनेजरने सांगितलेलं लिहून आणतो.

अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या लेबलचा आराखडा मांडला. त्यात पहिला टप्पा डेटाचा दर्जा सुधारण्याचा, दुसरा मर्यादा ठरवण्याचा आणि लेबल तिसऱ्या टप्प्यात. सुरुवातीला मालही मोजकाच घेतला: काँक्रीट, पोलाद, काच आणि डांबरी मिश्रण. आपल्याकडे लेबलचा नमुना आधी छापून घ्यायची घाई असते.

मिक्स डिझाइनचा कागद म्हणजे उत्पादन नव्हे

रेडीमिक्स (तयार काँक्रीटच्या) प्लँटवर गेलात की पहिल्या पाच मिनिटांत मिक्स डिझाइनची छान फाइल हातात येते. घनमीटरमागे इतकं सिमेंट, इतका स्लॅग (सिमेंटच्या बदल्यात घालायची लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड), खाली लॅबचा शिक्का. नवखा तेच आकडे उतरवतो आणि चहा पिऊन निघतो. मिक्स डिझाइन म्हणजे काय घालायचं ठरलं होतं. लेबलला हवं असतं ते बारा महिन्यांत प्रत्यक्ष काय घातलं.

एका प्लँटची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एम३० दर्जाचं मिक्स, घनमीटरमागे ३५० किलो बाइंडर (सिमेंट आणि स्लॅग मिळून), त्यात ३० टक्के स्लॅग. म्हणजे २४५ किलो ओपीसी (साधं सिमेंट) आणि १०५ किलो स्लॅग. ओपीसीला किलोमागे ०.८५ किलो आणि स्लॅगला ०.१ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर बाइंडरचा हिशोब २१९ किलोच्या आसपास येतो. फॉर्मवर हाच आकडा गेला. वर्षाचं उत्पादन ३०,००० घनमीटर. सोपा गुणाकार केला तर वर्षाला ३,१५० टन स्लॅग लागायला हवा होता. बल्करच्या (सुटी पूड आणणाऱ्या टँकरच्या) पावत्यांची बेरीज निघाली १,९०० टन. सायलोत शिल्लक काहीच नव्हती.

उरलेला स्लॅग कुठे गेला? कुठेच नाही, तो आलाच नव्हता. गोव्यात येणारा बराच स्लॅग घाट उतरून येतो. जुलैत अनमोडला किंवा चोर्ल्यात दरड आली, अवजड गाड्या बंद झाल्या की बल्कर पलीकडेच अडकतो. प्लँट काही बंद ठेवत नाहीत. ऑपरेटर रेसिपी बदलून सगळं ओपीसीवर चालवतो. हे झालं पावसाचं. दुसरं कारण वर्षभर चालू होतं. स्लॅगच्या काँक्रीटला सुरुवातीची ताकद हळू येते आणि ठेकेदाराला सेंट्रिंग लवकर सोडवायची घाई असते. त्याचा फोन आला की स्लॅग कमी. ऑपरेटरला विचारलं तर उत्तर तयार: ‘पात्रांव, कागदावर सगळं बरोबर आहे!’ कागद बरोबरच होता.

खरा हिशोब असा: घनमीटरमागे स्लॅग ६३ किलो, ओपीसी २८७ किलो, कार्बन २५० किलोच्या घरात. फॉर्मवरच्या आकड्यापेक्षा १४ टक्के जास्त. लेबलची पायरी चुकायला तेवढा फरक पुरतो.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी सिमेंट, स्लॅग आणि फ्लायअॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) यांच्या वर्षभराच्या पावत्या मागायच्या, मग सुरुवातीचा आणि शेवटचा साठा, मग बॅचिंग कॉम्प्युटरमधला डेटा. मिक्स डिझाइनची फाइल सगळ्यात शेवटी उघडायची. बॅचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टार्गेट’ आणि ‘अॅक्च्युअल’ असे दोन रकाने असतात. घ्यायचा तो अॅक्च्युअल. पीडीएफ नको, एक्सपोर्ट केलेली मूळ फाइल मागा. पीडीएफमध्ये हाताने चालवलेल्या बॅचेस बऱ्याचदा गायब असतात. पावत्यांची बेरीज आणि बॅचची बेरीज यांत दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर मी प्लँट सोडत नाही. काहींना हा छळ वाटतो. वाटू दे.

जाता जाता एक. वाळू-खडीच्या गाड्या मोजण्यात दोन दिवस घालवणारे मी बरेच पाहतो, आणि त्यांनी सिमेंट ओपीसी की पीपीसी (राख मिसळलेलं) एवढंही विचारलेलं नसतं. घनमीटरभर काँक्रीटमध्ये वाळू-खडी मिळून सुमारे १,९०० किलो, पण त्यांचा कार्बन दहा-पंधरा किलो. सिमेंट वजनाला सातवा भाग आणि कार्बनला जवळजवळ सगळं. वेळ कुठे घालवायचा ते यावरून ठरवा.

फ्लायअॅश दोनदा मोजणं

पीपीसीमध्ये फ्लायअॅश आधीच असते. आयएस १४८९ प्रमाणे १५ ते ३५ टक्के. प्लँट वरून आणखी घालतो ती वेगळी. फॉर्म भरणारा दोन्हींची बेरीज करतो, वर सिमेंटला ओपीसीचाच कार्बनचा गुणक लावतो, किंवा याच्या नेमकं उलट. गोणीवर टक्केवारी छापलेली असते, गोणीचा फोटो काढा. बल्करने माल येत असेल तर त्या आठवड्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ‘साधारण तीस टक्के असते हो’ हे सर्टिफिकेट नाही.

बिलेट (पोलादाचा ठोकळा) विकत घेतलं, म्हणून त्याचा कार्बन दुसऱ्याचा?

पोलादात सगळ्यात महागडी चूक ही. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड असेल तर ते हरित, २.० ते २.२ ला तीन तारे, १.६ ते २.० ला चार, १.६ च्या खाली पाच. मोजणी, पडताळणी आणि प्रमाणपत्राचं काम एनआयएसएसटी या संस्थेकडे आहे.

आता एक रोलिंग मिल घ्या. बाहेरून बिलेट आणायचं, भट्टीत तापवायचं, सळी ओढायची. मिलच्या कुंपणाच्या आतलं इंधन आणि वीज मोजली तर टनामागे पाव टनसुद्धा होत नाही. तरुण कन्सल्टंट खूश, मालक त्याहून खूश, पाच तारे पक्के! पण नियमात विकत घेतलेल्या कच्च्या आणि अर्धतयार मालाचा कार्बन धरायचाच आहे. बिलेट कसं बनलं यावरच सगळं ठरतं. भंगार वितळवून इंडक्शन भट्टीत केलेलं बिलेट एक आणि कोळशावरच्या स्पंज आयर्नचा (खनिजापासून थेट केलेल्या लोखंडाचा) भरणा जास्त असलेलं बिलेट दुसरं. कोळशावरच्या स्पंजला टनामागे दोन टनांच्या वर कार्बन जातो. दोन्ही बिलेटं दिसायला सारखीच, केमिस्ट्रीच्या सर्टिफिकेटवरही जवळपास सारखीच. त्या सर्टिफिकेटवर कार्बन लिहिलेला असतो तो धातूतला. एका हुशार पोराने तोच उत्सर्जनाच्या रकान्यात भरला होता.

करायचं असं: सळीच्या बंडलला टॅग असतो, त्यावर हीट नंबर, म्हणजे एकेका वितळवणीचा क्रमांक. तो घेऊन मागे जा. बिलेटवाल्याच्या हीट रजिस्टरमध्ये त्या हीटला भंगार किती, स्पंज किती आणि विजेचे युनिट किती लागले ते असतं. रजिस्टर द्यायला तो कां-कूं करणारच. त्याने नाही दिलं तर अंदाजाचा आकडा धरा, पण वाईट बाजूचा धरा आणि रकान्यात तसं लिहा. गोड सरासरी धरून वेळ मारून नेऊ नका. पडताळणीवाला पहिला तिथेच बोट ठेवतो.

आणि एकाचा फॉर्म दुसऱ्याला चिकटवू नका. या तारांकनात खाणकाम आणि वाहतूक धरत नाहीत. ईपीडीत, म्हणजे मालाच्या पर्यावरणीय घोषणापत्रात, कच्चा माल, त्याची प्लँटपर्यंतची वाहतूक आणि उत्पादन हे तिन्ही येतं. ए१ ते ए३ म्हणतात ते हेच. एकच एक्सेल दोन्हीकडे पाठवली की दोन्हीकडे चुकते.

विजेचं बिल नीट न वाचणं

वीज खात्याच्या बिलाऐवजी थेट मीटर वाचला तर एमएफ (मीटरच्या आकड्याला लावायचा गुणक) विसरू नका. मीटरवर फरक ४१२ दिसतो, एमएफ २०० असेल तर खरे युनिट ८२,४००. बिलावर केव्हीएएच असेल तर ते केडब्ल्यूएच, म्हणजे खरे युनिट, नव्हे. पॉवर फॅक्टर (दोन्हींचं गुणोत्तर) ०.९२ असेल तर आठ टक्क्यांचा फरक तिथेच पडतो. छतावर सोलर असेल आणि नेट मीटरिंग असेल तर बिलात निव्वळ आकडा येतो. स्वतः वापरलेली सोलर म्हणजे एकूण निर्मिती वजा बाहेर दिलेली. बाहेर दिलेल्या विजेचं श्रेय पुन्हा मालाच्या हिशोबात घ्यायचं नाही.

ग्रिडचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ताज्या यादीतून घ्या. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो होता. कुणाच्या तरी टेम्प्लेटमधला ०.८२ अजून फिरतोय.

खरेदी म्हणजे वापर समजणं

गोव्यात हे हटकून चुकतं, कारण मे महिन्यात सगळे साठा करतात. पावसात क्रशर आणि चिरेखाणी थंडावतात, म्हणून आधीच खडीचे डोंगर रचले जातात. एप्रिल ते जूनची खरेदी पाहिली तर प्लँट भस्म्या झाल्यासारखा खातोय, आणि ऑगस्टमध्ये उपाशी. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, एवढंच गणित आहे. बारा महिने सलग घ्या, आणि वीज, डिझेल, माल या सगळ्यांचे तेच बारा महिने घ्या. वीज आर्थिक वर्षाची आणि उत्पादन कॅलेंडर वर्षाचं, असली फाइल मी सरळ परत पाठवतो.

ब्रास, ट्रिप आणि घनमीटर

सिंधुदुर्गाकडून आलेल्या चलनावर ब्रास, इकडच्या पावतीवर घनमीटर, ड्रायव्हरच्या वहीत ट्रिपा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण ओलसर वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलाव्याला आकारमान पाव पटीने वाढू शकतं. आकारमानावरून टन काढूच नका, वजनकाट्याची पावती घ्या. पावसाळ्यातल्या वजनातून पाणी वजा करायला विसरू नका.

डिझेलची एकच टाकी

जनरेटर, लोडर आणि ट्रान्झिट मिक्सर सगळे एकाच टाकीतून पितात. लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. लोडर-जनरेटर उत्पादनात धरायचे. मिक्सरची साइटवरची फेरी ए४ मध्ये (प्लँटपासून साइटपर्यंतच्या वाहतुकीत), लेबलच्या ए१-ए३ मध्ये नाही. पंपावरची वही गाडीनिहाय नसेल तर निदान एक महिना तशी लिहून घ्या. ‘साठ-चाळीस धरा’ म्हणणाऱ्याला साठ कुठून आले ते विचारा.

जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही म्हणून तो शून्य

भट्टी नाही हे खरं, पण कापणीचं मशीन, डिझेल आणि फुटीर माल आहेच. चिरे नगावर विकले जातात, लेबलला टन लागतात. वीसेक चिरे काट्यावर घालून सरासरी काढा, तीही कोरड्या चिऱ्यांची; आयएस ३६२० मध्ये जलशोषण १२ टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे जूनमधला चिरा मार्चमधल्यापेक्षा चांगलाच जड भरतो. खाणीत फुटलेले चिरे भागाकारात घेऊ नका, विकलेलेच घ्या.

साइटवरून परत आलेलं काँक्रीट

परतीच्या मालाची नोंद गेट रजिस्टरमध्ये असते, बॅच फाइलमध्ये नसते. सिमेंट सगळं मोजा, भागाकार स्वीकारलेल्या घनमीटरने करा.

जुनी ईपीडी

सिमेंटवाल्याची ईपीडी साधारणपणे पाच वर्षं चालते. मुदत संपायची तारीख बघा, आणि ती तुमचं सिमेंट येतं त्या कारखान्याच्या मालाची आहे की अख्ख्या कंपनीची सरासरी, तेही.

रिकामा रकाना आणि शून्य

मोजलं आणि निघालं नाही, तर शून्य. मोजलंच नाही, तर रकान्यात ‘मोजलेलं नाही’ असं अक्षरात लिहा. अंदाज असेल तर पुढे ‘अं’ आणि कशावरून केला ते. एक्सेल रिकाम्या रकान्याला बेरजेत शून्य धरतं, म्हणून बेरजेचं सूत्र टाकण्याआधी मी सगळे रिकामे रकाने पिवळे करतो आणि फाइल प्लँटवर परत पाठवतो, भरून आणा म्हणून.