घरासाठी पंचिंग बॅग निवडताना

पंचिंग बॅग घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी किंमत आणि कातडे पाहतात. खरे तर त्याआधी मान वर करून घराचे छत पाहायला हवे. बॅग किती वजनाची घ्यावी, लटकवायची घ्यावी की जमिनीवर उभी राहणारी, हे पुष्कळ अंशी छतच ठरवते. आरसीसी स्लॅब असेल तर लोखंडी पट्टी चार अँकर फास्टनरांनी (काँक्रीटच्या भोकात रुतून बसणाऱ्या बोल्टांनी) घट्ट बसवून तिला बॅग टांगता येते. मात्र फॉल्स सीलिंगला, पत्र्याच्या छपराखालच्या हलक्या पाइपला किंवा पंख्याच्या हुकाला बॅग टांगण्याचा विचार मनातही आणू नये. पंख्याचे वजन मोजके असते आणि ते बरेचसे स्थिर असते. बॅगेचे वजन त्याच्या कितीतरी पट असून प्रत्येक ठोशाला ती हुकाला तिरपा हिसका देते. भोके पाडण्यापूर्वी स्लॅबमधून गेलेल्या विजेच्या नळ्या कोठे आहेत, हे माहितगार इलेक्ट्रिशियनला विचारून घ्यावे. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगीही आधीच घेतलेली बरी.

सदनिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले छत म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची जमीन असते, त्यामुळे ठोशांचा आवाज खालच्यांपेक्षा वरच्यांना अधिक जाणवतो. हुक आणि साखळी यांच्यामध्ये जाड स्प्रिंग लावल्यास हा त्रास बराच कमी होतो आणि फास्टनरवरचा हिसकाही सौम्य होतो. तरीही रात्री दहानंतर सराव करू नये, हे सांगायला सोसायटीच्या सेक्रेटरीने दारात येण्याची वाट पाहू नये.

वजनाचा सर्वसाधारण ठोकताळा असा की बॅग आपल्या वजनाच्या सुमारे निम्मी असावी. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस किलोच्या आसपासची. त्याहून फार हलकी बॅग पहिल्याच ठोशाला दूर पळते आणि निम्मा वेळ तिला थांबवण्यात जातो. नवशिक्याने फार जड घेतली तर मनगट आणि खांदा दुखावतो. लांबीचा हिशेब वेगळा आहे. केवळ मुष्टियुद्धाचा सराव करायचा असेल तर चार फुटी बॅग पुरते, पण किकबॉक्सिंगमध्ये मांडीच्या उंचीवर लाथा मारायच्या असतील तर पाच किंवा सहा फुटी घ्यावी. बॅगेचा मध्य साधारण आपल्या छातीच्या पातळीला येईल इतकी साखळी सोडावी आणि सभोवार निदान तीन-चार फूट मोकळी जागा ठेवावी, म्हणजे तिच्याभोवती फिरत सराव करता येतो.

दुकानात रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही प्रकारच्या बॅगा मिळतात. रिकामी घेऊन घरी भरणे स्वस्त पडते, पण इथेच सर्वाधिक चुका होतात. माझ्या पहिल्या बॅगेत मी हौसेने वाळू घातली होती. महिन्याभरात ती खाली बसून दगडासारखी झाली, वरचा भाग मात्र पिशवीसारखा लोंबू लागला. शिवाय वाळूचे वजन अंदाजापलीकडे जाते : एक फूट व्यासाची चार फुटी बॅग वाळूने पूर्ण भरली तर ती सव्वाशे किलोंच्याही वर जाईल, तीच चिंध्यांनी ठासून भरली तर तीस-पस्तीस किलोंत बसते. म्हणून शिंप्याकडची कात्रणे आणि जुने सुती कपडे आणावेत, त्यांची बटणे व चेन कापून टाकाव्यात, आणि दर वीतभर थरानंतर ते लाकडी दांड्याने चेपत जावे. वजन वाढवायचेच असेल तर थोडी वाळू लहान पिशव्यांत घट्ट बांधून मधोमध, चिंध्यांच्या पोटात ठेवावी, कडेला मात्र कधीही नको.

आवरणाच्या बाबतीत अस्सल कातडे सर्वांत टिकाऊ, हे खरे. परंतु मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि ते वरचेवर पुसावे लागते. कॅनव्हास घाम शोषून कुबट होते व बोटांची सालेही काढते. तेव्हा घरासाठी जाड सिंथेटिक कातड्याची बॅग मला अधिक सोयीची वाटते. घेताना रंग पाहण्यापेक्षा पट्ट्यांची शिलाई दुहेरी आहे का आणि कड्या जाड आहेत का, हे ओढून पाहावे. बॅग प्रथम तिथेच फाटते.

भोके पाडणे शक्यच नसेल तर पाणी किंवा वाळू भरलेल्या बुडावर उभी राहणारी बॅग घ्यावी. जोरदार ठोशांनी ती सरकते, म्हणून तिच्याखाली रबरी चटई हवी.

बॅगेसोबतच हाताला गुंडाळायच्या 180 इंची पट्ट्या आणि 12 ते 16 औंसांचे ग्लोव्हज घ्यावेत. पहिल्या पंधरवड्यात चिंध्या खाली बसतात; तेव्हा बॅग उतरवून वरून आणखी भर घालावी आणि त्याच वेळी फास्टनरचे नटही पुन्हा आवळून घ्यावेत.