मूल अकरावीत आलंय? इंग्रजीच्या वर्गाबद्दल थोडं आधीच

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी गेली चौदा वर्षं इंग्रजी शिकवते, मुख्यतः अकरावीला. त्याआधी सातारा जिल्ह्यात नववी-दहावीला मराठी आणि इंग्रजी शिकवत होते. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की नुकत्याच आलेल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. तक्रार बहुधा एकच असते: "दहावीला इंग्रजीत नव्वदच्या वर होते हो, आणि इथे पहिल्याच एसेला सी आला. शेरा काय, तर नुसतं 'सो व्हॉट?'"

हा शेरा मीही देते. त्यात राग नसतो. "बरं, मग यावरून तुला काय म्हणायचंय?" एवढंच त्यातून विचारायचं असतं. मुलाला हा प्रश्न नीट कळला की पुढचं वर्ष बरंच सोपं जातं, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

अकरावी बहुतेक शाळांत अमेरिकन साहित्याची असते. न्यू जर्सीत हायस्कूलची चारही वर्षं इंग्रजी सक्तीचं आहे, पण बालभारतीसारखं राज्यभर एकच पुस्तक नसतं. काय वाचायचं ते प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळांचा कारभार पाहणारी संस्था, ठरवतं. तरी काही नावं वारंवार भेटतात: फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन, थोरोचा कायदेभंगावरचा निबंध, डिकिन्सन आणि व्हिटमनच्या कविता, मार्क ट्वेनचा 'हकलबरी फिन', फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' (१९२५), आर्थर मिलरचं नाटक 'द क्रूसिबल' (१९५३). यातली बरीचशी पुस्तकं अख्खी वाचायची असतात, हातात पेन घेऊन, समासात टिपणं करत. उताऱ्यांची सवय असलेल्या मुलांची पहिल्या महिन्यात दमछाक होते. ते साहजिक आहे, घाबरू नका.

आता एसेकडे. डग्लस गुलामगिरीत जन्मला. लहानपणी बाल्टिमोरच्या घरी मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवायला लागते. मालकाला कळताच तो ते बंद पाडतो, कारण गुलाम वाचायला शिकला की तो गुलामगिरीच्या कामाचा राहत नाही, असं त्याचं म्हणणं. या प्रसंगावर लिहायला सांगितलं की आपली मुलं सुरुवातीला एक सुविचार घालतात आणि लिहितात, "शिक्षणाचं महत्त्व अनन्यसाधारण आहे हे डग्लस दाखवून देतो." वाक्य खरं आहे, पण त्यावर वाद घालायला जागाच नाही. मी मुलांना एक कसोटी देते: एखादा शहाणा माणूस तुझं वाक्य वाचून "मला नाही पटत" म्हणू शकेल का? म्हणू शकत नसेल, तर तो अजून थीसिस, म्हणजे एसेचा मुख्य दावा, झालेला नाही.

एका विद्यार्थिनीने तीन कच्च्या खर्ड्यांनंतर लिहिलं, "मालकिणीच्या धड्यांपेक्षा मालकाच्या मनाईनेच डग्लसला जास्त शिकवलं." याला थीसिस म्हणतात. गंमत अशी की वाचायला शिकण्याचं श्रेय डग्लस स्वतः दोघांनाही जवळपास सारखंच देतो. ही मुलगी लेखकाच्याही एक पाऊल पुढे गेली होती, त्यामुळे पुरावा देण्याची जबाबदारी तिच्यावर आली. मनाई झाल्यानंतरच तो भाकरीचे तुकडे देऊन रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून अक्षरं शिकतो, हा भाग तिने घेतला, त्यातले नेमके शब्द उद्धृत केले आणि प्रत्येक अवतरणाखाली आपलं विवरण लिहिलं. पुरावा दोन ओळी, विवरण चार ओळी, असं प्रमाण राहिलं की 'सो व्हॉट' लिहायची वेळ माझ्यावर येत नाही.

तुमच्या मुलाला हे नवीन वाटेल, पण त्याची अर्धी तयारी झालेली आहे. दहावीच्या मराठीत कवितेचं रसग्रहण केलंय ना त्याने? आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये? कवीने हाच शब्द का घेतला, ही प्रतिमा काय करते, हे तो शोधत होता. इथे क्लोज रीडिंग म्हणतात ते याच्याच जवळचं. फरक इतकाच की आपल्याकडे रसग्रहण कौतुकावर थांबतं आणि इथे ते दाव्यापर्यंत न्यावं लागतं. डिकिन्सनची एक छोटी कविता घ्या आणि आधी तिचं मराठीत रसग्रहण करायला सांगा. त्यातलं कोणतं निरीक्षण सगळ्यात धीट आहे ते निवडा आणि त्यावर इंग्रजीत परिच्छेद लिहायला लावा. मी हे कितीतरी मुलांकडून करून घेतलंय. मराठीत विचार केल्याने इंग्रजी बिघडत नाही.

शाळेतला कौन्सेलर कोर्स निवडायला सांगेल तेव्हा एपी लँग्वेजची घाई करू नका. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, शेवटी त्याची परीक्षा असते. त्या परीक्षेत सव्वादोन तासांत तीन एसे लिहायचे असतात, प्रत्येकी सहा गुणांचे. एक गुण थीसिसला, चार पुरावा आणि विवरणाला, एक विचाराच्या खोलीला. व्याकरणाला वेगळा गुण नाही. स्पेलिंग-व्याकरणाच्या जोरावर पुढे आलेलं मूल पहिल्याच वर्षी तिथे गोंधळतं. माझं मत विचाराल तर एक वर्ष साध्या किंवा ऑनर्स (साध्याहून थोड्या वरच्या पातळीच्या) वर्गात जाऊ द्या आणि एपी लिटरेचर बारावीत घ्या.

एक गोष्ट मुलाला घरीच सांगा, वर्गात कळण्याची वाट पाहू नका. 'हकलबरी फिन'मध्ये कृष्णवर्णीयांसाठी वापरलेली एक अत्यंत अपमानास्पद शिवी दोनशेहून अधिक वेळा येते. छापलेली आहे म्हणून ती मोठ्याने वाचायची नाही, अवतरणातही उच्चारायची नाही. हे ठाऊक नसल्यामुळे नुकतंच आलेलं एक चांगलं, हुशार मूल वर्गासमोर अडचणीत आलेलं मी पाहिलंय. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण शेजारच्या बाकावरच्या मुलीला जे लागायचं ते लागलंच.

गाईडमधून उतरवणं आपल्याकडे अभ्यासात धरलं जातं. इथे दुसऱ्याचं वाक्य, सारांशाच्या साइटवरची कल्पना किंवा एआयने लिहिलेला परिच्छेद आपला म्हणून दिला, तर बहुतेक शाळांत शून्य मिळतं आणि नोंदही होऊ शकते. खर्डे गूगल डॉकमध्येच लिहायला सांगा. काम टप्प्याटप्प्याने झालेलं त्याच्या हिस्टरीत दिसतं.

आपल्या मुलांकडे या वर्गात सांगण्यासारखं खूप आहे, हे त्यांना माहीतच नसतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. मुंबईत १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. थोरोचा निबंध गांधीजींनी वाचला होता आणि मार्टिन ल्यूथर किंगनी गांधीजींकडून प्रेरणा घेतली. डग्लस शिकवताना मी फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबद्दल सांगते तेव्हा वर्ग शांत होतो. हे सांगायला दरवेळी शिक्षिका मराठी असेलच असं नाही, म्हणून तुमच्या मुलाने हात वर करावा. शिक्षकाशी सहमत नसणं इथे उद्धटपणा धरत नाहीत. "मला वेगळं वाटतं, कारण अमुक पानावर..." असं म्हणणाऱ्या मुलाचं आम्हाला अप्रूप असतं.

नाव नोंदवताना घरची भाषा विचारणारा फॉर्म येईल. त्यात बेधडक मराठी लिहा. त्यावरून मुलाचं इंग्रजी तपासतील आणि गरज वाटली तर ईएसएलची, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठीच्या इंग्रजी वर्गाची, मदत देतील. ती शिक्षा नाही, उलट लिखाणाकडे लक्ष देणारं आणखी एक माणूस मिळतं.

ग्रेडबद्दल ईमेल मुलाने स्वतः लिहावं, तुम्ही नको. सुरुवात "टीचर" किंवा "मॅडम" अशी न करता मिस्टर किंवा मिझ आणि आडनाव. "माझे मार्क का कापले?" याऐवजी "दुसऱ्या परिच्छेदातलं विवरण कसं वाढवू? शाळा सुटल्यावर दहा मिनिटं भेटू शकतो का?" असं विचारावं. येताना छापलेला खर्डा आणि मूळ पुस्तक, दोन्ही बरोबर हवीत.